ग्राफिक्स डॉट एच वापरून खाडीच्या भरतीचा रेषालेख

ग्राफिक्स डॉट एच ही टर्बो सी मधली चित्रं काढायची लायब्ररी रेघ देते, ग्राफ देत नाही. दोन बिंदू सांगा, ती जोडून दाखवेल. अक्ष कुठे ठेवायचे, खुणा किती करायच्या, एक मीटर म्हणजे किती पिक्सेल, हे सगळं आपल्याकडे. डिप्लोमाची मुलं माझ्याकडे सी शिकायला येतात, त्यांना मी रेषालेख एकदा तरी याच लायब्ररीत काढायला लावते. "ताई, पायथनमध्ये हे एका ओळीत होतं," असं दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. होतं, आणि पुढे त्यांनी ते वापरावंही. पण आकड्यापासून पिक्सेलपर्यंतचं गणित एकदा स्वतः मांडलेलं असलं, की कुठल्याही लायब्ररीत ग्राफ बिघडला तरी कुठे बघायचं ते कळतं.

मी ऐरोलीत राहते, म्हणून उदाहरण खाडीचं घेते. इथल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायला बोट सुटते, तिची वेळ भरतीवर ठरते. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मोठा पाऊस एकत्र येणार असला की त्याची बातमी होते. म्हणजे हा आलेख आपल्याकडच्या कुणालाही वाचता येतो, आणि चुकला तर चटकन लक्षात येतं. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या. एका भरतीनंतर पुढची साधारण १२ तास २५ मिनिटांनी.

आकडे आपण सूत्रानेच बनवू:

पाणी = २.५ + १.२ × कॉस(२ × पाय × तास / १२.४२) + ०.५ × कॉस(२ × पाय × तास / १२) + ०.४ × कॉस(२ × पाय × तास / २३.९३)

१२.४२ तासांचं चक्र चंद्रामुळे, १२ तासांचं सूर्यामुळे, आणि २३.९३ तासांच्या चक्रामुळे दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या येत नाहीत. हे तीन कालावधी खरे आहेत. उंचीचे आकडे मात्र मी सरावासाठी निवडलेत, तेव्हा हा आलेख बघून कुणी होडी काढू नये. त्यासाठी भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रकच बघा. कॉसला कोन रेडियनमध्ये लागतो, अंशात नाही. पायची किंमत मॅथ डॉट एच मध्ये एम-पाय (मधे अंडरस्कोर) या नावाने मिळते.

आता संगणक बाजूला ठेवा आणि आलेखाच्या वहीचं पान घ्या. व्हीजीए पडदा ६४० आडवा, ४८० उभा. वरचा डावा कोपरा शून्य-शून्य, आणि उभा आकडा खाली जाताना वाढतो. पानावर हा पडदा काढा आणि त्यात चौकट आखा: डावी कड ६०, उजवी ६२०, वरची ४०, खालची ४३०. डावीकडे मीटरचे आकडे आणि खाली तासांचे आकडे लिहायला एवढी जागा लागतेच. चौकटीची रुंदी ५६० आणि उंची ३९०. हे आकडे मुद्दाम असे घेतलेत: २४ तास ५६० पिक्सेलमध्ये बसवले की दर तीन तासांनी बरोबर ७० पिक्सेल पडतात, आणि ५ मीटर ३९० मध्ये बसवले की एक मीटर म्हणजे ७८. खुणा पूर्ण पिक्सेलवर पडल्या की चौकट नीटस दिसते.

सगळा आलेख या दोन ओळींवर उभा आहे:

आडवा = ६० + तास × ५६० / २४
उभा = ४३० − पाणी × ३९० / ५

दुसऱ्या ओळीतली वजाबाकी नीट बघा. पडद्यावर खाली म्हणजे जास्त, आणि आपल्याला जास्त पाणी वर दाखवायचंय, म्हणून तळाच्या ४३० मधून वजा करायचं. तिथे बेरीज झाली तर सगळाच वक्र चौकटीच्या खाली, पडद्याबाहेर जातो आणि काहीच दिसत नाही.

प्रोग्रॅम लिहिण्याआधी तीन बिंदू कॅल्क्युलेटरवर काढून वहीत मांडा. तास ० ला पाणी ४.६, बिंदू (६०, ७१). तास ६ ला पाणी साधारण ०.८, बिंदू (२००, ३६७). तास १२ ला पाणी ३.७७, बिंदू (३४०, १३६). पडद्यावरचा वक्र या तीन जागांवरून गेला नाही, तर चूक लायब्ररीत नाही, आपल्या सूत्रात आहे.

आता व्हेरिएबलच्या प्रकाराबद्दल थोडं सविस्तर, कारण टर्बो सी मध्ये सगळ्यात जास्त आलेख इथेच फुटतात. तिथला इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, १६ बिटांचा, ३२७६७ च्या पुढे जात नाही. समजा कुणी तासांऐवजी मिनिटं घेतली आणि सगळे आकडे इंट ठेवले. मिनिट × ५६० / १४४० हा हिशेब दिसायला निर्दोष आहे. ५८ व्या मिनिटाला गुणाकार ३२४८० येतो, १४४० ने भागून २२, आणि बिंदू ८२ वर पडतो. ५९ व्या मिनिटाला गुणाकार व्हायला हवा ३३०४०, पण तो इंटमध्ये मावत नाही आणि उणे ३२४९६ होऊन बसतो. भागाकार उणे २२, बिंदू ३८ वर. म्हणजे चांगली पुढे चाललेली रेघ एकदम मागे फिरून चौकटीच्या डाव्या कडेबाहेर जाते. कंपायलर तक्रार करत नाही, सूत्र वाचून चूक सापडत नाही, आणि मुलं तासभर लूप तपासत बसतात. नव्या कंपायलरवर इंट ३२ बिटांचा असतो, तिथे हाच प्रोग्रॅम सुरळीत चालतो. त्यामुळे घरी चाललेला प्रोग्रॅम लॅबमध्ये का बिघडला हे कोडं होऊन बसतं. उपाय सोपा आहे. सगळा हिशेब डबलमध्ये, म्हणजे अपूर्णांक ठेवणाऱ्या प्रकारात, करा, आणि अगदी शेवटी ०.५ मिळवून इंटमध्ये बदला. ०.५ नाही मिळवलं तर अपूर्णांक नुसता कापला जातो आणि रेघ इथेतिथे एका पिक्सेलने सरकते.

आता मशीनकडे. फंक्शनची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिते आहे, टाइप करताना नेहमीचं रोमन स्पेलिंग वापरा. ड्रायव्हर व्हीजीए, मोड व्हीजीएहाय द्या आणि ग्राफिक्स सुरू करणारं इनिटग्राफ बोलवा. तिसरा आर्ग्युमेंट म्हणजे बीजीआय फोल्डरचा, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरच्या फाइली असतात त्या फोल्डरचा पत्ता. स्ट्रिंगमध्ये उलटी तिरकी रेघ प्रत्येक ठिकाणी दोनदा हवी. लगेच ग्राफरिझल्ट तपासा, शून्य आलं तरच पुढे जा. लिंकरला इनिटग्राफ सापडत नसेल तर ऑप्शन्स, लिंकर, लायब्ररीज इथे जाऊन ग्राफिक्स लायब्ररीवर खूण करा. लिनक्सवर एसडीएल-बीजीआय ही तशीच लायब्ररी घेतलीत तर हीच फंक्शनं चालतात.

काढण्याचा क्रम महत्त्वाचा, कारण नंतर काढलेली रेघ आधीच्या रेघेवर चढते. आधी करड्या रंगाच्या ठिपक्यांच्या जाळीरेघा, मग पांढरी चौकट आणि आकडे, मग साडेचार मीटरची तांबडी तुटक रेघ, आणि सगळ्यात शेवटी वक्र. साडेचार मीटरचा उभा आकडा ७९. तिथे ६० पासून ६२० पर्यंत लाइन काढली की झालं. सेटकलर आणि सेटलाइनस्टाइल एकदा लावले की बदलेपर्यंत तसेच राहतात, म्हणून प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला ते पुन्हा सांगायची सवय लावून घ्या. बीजीआयमध्ये रेघेची जाडी १ किंवा ३ एवढीच मिळते. वक्राला ३ द्या, बाकी सगळ्याला १.

आकडे लिहायला आउटटेक्स्टएक्सवाय. ते फक्त स्ट्रिंग घेतं, म्हणून आधी एसप्रिंटएफने आकड्याची स्ट्रिंग करा. त्याआधी सेटटेक्स्टजस्टिफाय लावा: मीटरच्या आकड्यांसाठी उजवीकडे आणि मध्यावर, तासांच्या आकड्यांसाठी आडवं मध्यावर आणि उभं वरून. मग मीटरचे आकडे सरळ ५४ या आडव्या जागी आणि तासांचे ४३८ या उभ्या जागी द्या, अक्षरांची रुंदी मोजत बसावं लागत नाही. यातल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. अक्षांची नावं रोमनमध्येच लिहावी लागतील.

वक्रासाठी दर दहा मिनिटांनी एक बिंदू घ्या. २४ तासांचे १४४ तुकडे, म्हणजे बिंदू १४५, म्हणून लूप ० पासून १४४ धरून. पहिल्या बिंदूला मूव्हटू (पेन नुसतं तिथे नेतं), बाकी सगळ्यांना लाइनटू (रेघ काढत नेतं). पहिल्यालाही लाइनटू दिलं तर पेन शून्य-शून्यवर असतं आणि पडद्याच्या कोपऱ्यातून एक तिरकी रेघ वक्राला येऊन चिकटते. तासाला एकच बिंदू घेऊन भागतं का, असं मुलं विचारतात. आकार कळतो, पण भरतीचा माथा दोन बिंदूंच्या मधे पडला तर तीन-चार पिक्सेल छाटला जातो, आणि साडेचार मीटरची रेघ ओलांडली की नाही हे बघायचं असताना तेवढ्याने उत्तर बदलतं.

शेवटी गेटसीएच, म्हणजे की दाबेपर्यंत थांबणं, मग क्लोजग्राफ. गेटसीएच राहिलं तर आलेख दिसता दिसताच पडदा बंद होतो.

अक्षाची मर्यादा आकड्यांमधल्या सर्वात लहान-मोठ्या किमतीवरून ठरवा असं काही पुस्तकं सांगतात. भरतीसाठी मी ते करत नाही. ० ते ५ मीटर पक्कं ठेवलं की दोन वेगळ्या दिवसांचे आलेख शेजारी ठेवून तुलना करता येते. आपोआप ताणलेल्या अक्षावर भांगाची, म्हणजे कमी उंचीची भरतीसुद्धा उधाणाच्या मोठ्या भरतीएवढी उंच दिसते, आणि खाडीकाठच्या कोळ्यांना जो फरक न बघता माहीत असतो तोच आपल्या आलेखातून नाहीसा होतो.

तो फरक बघायचा असेल तर आलेख १५ दिवसांचा करा. सूत्रातल्या २४ च्या जागी ३६०, खुणा दर तीन दिवसांनी म्हणजे ११२ पिक्सेलवर, बिंदू दर अर्ध्या तासाने, तुकडे ७२०. वक्राची जाडी इथे १ वर आणा. एक भरती आता जेमतेम १९ पिक्सेलमध्ये बसते आणि जाड रेघेचा नुसता गठ्ठा होतो. डावीकडे उधाण, मध्यावर भांग, उजवीकडे पुन्हा उधाण असं चित्र यायला हवं. तांबडी रेघ ओलांडणारे माथे डाव्या टोकाला दोन आणि उजव्या टोकाला दोन एवढेच असतील, त्यातला पहिला आणि शेवटचा अगदी चौकटीच्या कडेला टेकून. मधेही कुठे ओलांडली असेल, तर १२.४२ आणि १२ हे दोन भागाकार पुन्हा बघा. बहुतेक कुठेतरी १२.४२ च्या जागी इंटमधले १२ बसलेले असतात.