जुन्या वास्तूतल्या हॉटेलात खोली कशी निवडावी

शहराच्या मध्यावरच्या, शंभर-सव्वाशे वर्षांच्या हॉटेलात मुलांना घेऊन दोन रात्री राहायचं ठरलं की सगळे आधी लॉबीचे फोटो बघतात. संगमरवरी जिना, झुंबरं, पितळी कठडे. लॉबी सुंदरच असते, पण झोपायचं असतं वरच्या खोलीत. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते आणि मला कळकळीने सांगायचंय ते एवढंच: नव्या हॉटेलात खोल्या सगळ्या साच्यातल्या, त्यामुळे हॉटेल ठरलं की काम झालं. जुन्या वास्तूत एकाच दराच्या दोन खोल्यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. तिथे खोली निवडावी लागते.

सुरुवात दोन सालांपासून करा. इमारत कधी बांधली, आणि पाइप, वायरिंग, बाथरूम शेवटचे कधी बदलले. पहिलं साल वेबसाइटवर अभिमानाने लिहिलेलं असतं, दुसरं फोन करून विचारावं लागतं. ‘नुकतंच नूतनीकरण झालंय’ एवढ्यावर समाधान मानू नका. बऱ्याचदा ते गालिचे, पडदे आणि रंगापुरतंच असतं. भिंतीच्या आत काय बदललं, ते स्पष्ट विचारा.

बांधकामाच्या सालातून खोलीबद्दल बरंच कळतं. 1829 मध्ये अमेरिकेत बॉस्टनला ट्रेमाँट हाउस हे हॉटेल उघडलं तेव्हा इमारतीच्या आत नळाचं पाणी आणि प्रत्येक खोलीला स्वतःचं कुलूप, हीच नवलाई होती. खोलीगणिक बाथरूम मोठ्या हॉटेलात रुळलं ते पुढे, 1908 मध्ये अमेरिकन हॉटेल व्यावसायिक एल्सवर्थ स्टॅटलर यांनी बफेलो शहरात हॉटेल काढल्यानंतर. त्यांनी शेजारच्या दोन बाथरूम पाठीला पाठ लावून बांधल्या आणि दोन्हींचे पाइप मधल्या एकाच उभ्या डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या पोकळीतून नेले. त्याआधीच्या इमारतींत बाथरूम बहुधा मागाहून, खोलीचा कोपरा कापून काढलेलं असतं. दार पुरतं उघडत नाही, लहान मुलाला अंघोळ घालायला वाकावं तर पाठ भिंतीला लागते. त्यानंतरच्या इमारतीत बाथरूम नीट असतं, पण पलंगाची उशाकडची भिंत डक्टला लागून असली तर वरच्या मजल्यावर कुणी रात्री फ्लश केला की पाणी तुमच्या कानाशी धो धो उतरतं. डक्टला न लागणारी खोली मागता येते. लोक मागत नाहीत, एवढंच.

लिफ्टचंही तसंच. अमेरिकन संशोधक एलिशा ओटिस यांची माणसांसाठीची पहिली लिफ्ट 1857 मध्ये न्यूयॉर्कच्या एका दुकानात बसली. लिफ्ट सर्रास होण्याआधी जिने चढायचे असत, म्हणून उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या चांगल्या खोल्या खालच्या मजल्यांवर असत आणि अगदी वर, छपराखाली नोकरमंडळी. लिफ्ट आल्यावर हे उलटं झालं. त्यामुळे लिफ्टच्या आधी बांधलेल्या इमारतीत ‘सगळ्यात वरची खोली द्या’ असा आग्रह धरू नका, तिथे उतरत्या छपराला डोकं आपटेल. पहिला-दुसरा मजला मागा. आणि लिफ्ट किती रुंद आहे तेही विचारा. बाबागाडी न दुमडता आत जाते का, हा नेमका प्रश्न. बरोबर गुडघे दुखणारं कुणी असेल तर लिफ्टमधून उतरल्यावर पुढे पायऱ्या आहेत का, हेही. शेजारशेजारच्या दोन इमारती जोडून हॉटेल झालं असेल तर मजले एका पातळीत येत नाहीत आणि बोळात मध्येच तीन-चार पायऱ्या निघतात.

आता माझा आवडता उद्योग. नकाशाच्या ॲपमध्ये उपग्रहाचं चित्र उघडा आणि हॉटेलचं छप्पर वरून बघा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मोठी हॉटेलं वरून इंग्रजी यू, ई किंवा एच अक्षरासारखी दिसतात. वातानुकूलन नव्हतं, म्हणून प्रत्येक खोलीला खिडकी मिळावी यासाठी इमारतीच्या पोटात मोकळे चौक सोडलेले. रस्त्याकडची खोली उजेडाची, पण ट्राम, कचऱ्याची गाडी, रात्री बारमधून बाहेर पडणारे लोक, सगळं ऐकू येणार. चौकाकडच्या खोलीतून समोरची भिंत दिसते, आणि बाळ दुपारी शांत झोपतं. दोन रात्रींच्या मुक्कामात दिवसभर आपण बाहेरच असतो, म्हणून लहान मुलं असली की मी चौकाची बाजू घेते. मात्र त्याच चौकात स्वयंपाकघराचा धूर काढणारा पंखा नाही ना, ते विचारून घ्या. छपरावरची आणि चौकातली मोठी यंत्रं उपग्रहाच्या चित्रातही दिसतात. शनिवारी समारंभाचा हॉल कुठल्या मजल्यावर गाजणार आहे, तेही विचारून ठेवा.

दर्शनी भाग संरक्षित असेल तर बाहेरच्या खिडक्या बदलायला सहसा परवानगी मिळत नाही. चांगली हॉटेलं आवाज अडवायला मूळ खिडकीच्या आतून दुसरी काच बसवतात. ‘आतून दुसरी काच आहे का?’ असंच विचारा. पाच वर्षांखालचं मूल असेल तर खिडकी सुमारे 10 सेंटीमीटरच्या पुढे उघडू नये असा अडसर हवा, कारण जुन्या खिडक्यांचे कट्टे बरेचदा मुलांच्या छातीइतकेच असतात. कट्ट्याचा रंग पोपडे धरून सुटत असेल तर खोली बदलून मागा. जुन्या थरांत शिसं असू शकतं. अमेरिकेत घरांसाठीच्या शिशाच्या रंगावर बंदी आली ती 1978 मध्ये.

आगीबद्दल मी तडजोड करत नाही. अटलांटातलं 15 मजली विनेकॉफ हॉटेल ‘आगीपासून पूर्ण सुरक्षित’ म्हणून जाहिरात करायचं. 7 डिसेंबर 1946 च्या पहाटे तिथे 119 माणसं गेली. इमारतीचा सांगाडा जळला नाही, पण खाली उतरायला जिना एकच होता आणि धूर त्यातूनच वर चढला. छतात पाणी फवारणारे स्प्रिंकलर नव्हते. म्हणून दोन स्वतंत्र जिने आणि खोल्यांत स्प्रिंकलर आहेत का, हे विचाराच. उत्तर गोलमोल आलं तर दुसरं हॉटेल बघा, लॉबी कितीही देखणी असो. पोचल्यावर मुलांना घेऊन दुसऱ्या जिन्यापर्यंत एकदा चालून या.

दोन खोल्या घेणार असाल तर ‘शेजारच्या’ म्हणू नका, ‘मधलं दार असलेल्या’ म्हणा. शेजारच्या म्हणजे बोळातून ये-जा. बुकिंगच्या कागदावर ती विनंती म्हणून लिहिलीय की पक्की दिलीय, तेही वाचा. एकाच खोलीत जादा पलंग हवा असेल तर तो टाकल्यावर बाथरूमचं दार उघडतं का, ते विचारा.

शहराच्या जुन्या कचेऱ्यांच्या भागात शनिवार-रविवारी दर बरेचदा उतरतात, कारण कामासाठी येणारी मंडळी नसतात. पण रविवारी तिथली दुकानं आणि खाण्याच्या जागाही बंद असतात. मुलांना सकाळी भूक लागते तेव्हा ते जड जातं, तेव्हा आधी पाहून ठेवा.

हे सगळे प्रश्न मध्यवर्ती बुकिंग क्रमांकावर विचारून उपयोग नाही. थेट त्या हॉटेलच्या रिसेप्शनला, दुपारच्या गर्दीआधी फोन करा आणि ठरलेलं ईमेलने लेखी घ्या. खोल्यांचे नंबर बहुधा आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी टाकले जातात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एक फोन करून खोलीचा नंबर आणि ती रस्त्याकडे आहे की चौकाकडे, हे विचारून घ्या.