भाज्या आणि चीज घालून भाजलेला फ्रिटाटा

फ्रिटाटा हा मूळचा इटलीतील, जाड ऑम्लेटसारखा अंड्यांचा घरगुती पदार्थ असून तिथे तो परंपरेने पॅनमध्ये दोन्ही बाजूंनी शिजवतात. ओव्हनमध्ये मात्र तो उलटण्याची कसरत करावी लागत नाही, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने हीच पद्धत निवडावी, असे मला वाटते.

चौघांसाठी ६ अंडी, पाव कप दूध, अर्धा कप किसलेले चीज, १ कांदा, १ ढोबळी मिरची आणि २ वाट्या चिरलेला पालक पुरेसा होतो.

सर्वांत जास्त लक्ष भाज्यांकडे द्यावे. कच्च्या भाज्यांतील पाणी भाजताना अंड्यात उतरते आणि तळाशी पचपचीत थर राहतो. म्हणून कांदा व ढोबळी मिरची थोड्या तेलात मऊ होईपर्यंत परतावी, मग पालक घालून त्याला सुटलेले पाणी पूर्ण आटू द्यावे आणि भाज्या कोमट होऊ द्याव्यात. टोमॅटो घालायचा असल्यास आतला रसाळ गर व बिया काढून टाकाव्यात.

अंडी, दूध, मिरपूड आणि मीठ एकजीव होईपर्यंतच फेटावे. चीज मुळातच खारट असते, तेव्हा मीठ बेतानेच घालावे. ८ इंची भांड्याला लोणी लावून भाज्या पसराव्यात, त्यांवर अंडी ओतावीत, वरून चीज भुरभुरावे आणि आधीच १८० अंश सेल्सिअसला तापवलेल्या ओव्हनमध्ये भांडे २० ते २५ मिनिटे ठेवावे. कडा घट्ट झाल्या आणि भांडे हलवल्यावर मध्यभाग किंचितच थरथरला, की ते बाहेर काढावे, कारण आतील उष्णतेने अंडे पुढेही शिजत राहते; जास्त भाजल्यास ते आकसून पाणी सोडते. ५ मिनिटांनी तुकडे कापावेत.