गिझर-एसीचं बिल कमी करायचंय? सबसिडी कुठे मिळते आणि कशी घ्यायची

दुकानदार काहीही सांगो, फाइव्ह स्टार एसी घेतला म्हणून इन्कम टॅक्समध्ये एक रुपयाही सुटत नाही. घरच्या छतावर सोलर बसवलं तरी पगारदाराला आयकरात वजावट नाही, त्यामुळे त्यासाठी सीएकडे खेपा घालू नका. आपल्याला पैसे मिळतात ते पीएम सूर्यघर या केंद्राच्या योजनेत छतावरच्या सोलरला मिळणाऱ्या सबसिडीतून, आणि थोडे वाचतात ते उतरलेल्या जीएसटीमुळे.

आधी वीजबिल बघा

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. कोल्हापुरात एसी म्हणजे मार्च ते मेचा पाहुणा, गिझर मात्र बारा महिने घरचा. पूर्वी बंब पेटायचा, आता बटण दाबतो, एवढाच फरक. 2 किलोवॉटचा गिझर रोज तासभर चालला तर महिन्याला 60 युनिट होतात. घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटला बदलतात, आणि वरच्या टप्प्यातलं युनिट महाग पडतं. म्हणून 340 युनिटवाल्या घराने 60 युनिट वाचवले तर त्यातले 40 महागडे असतात.

बिल कोणाच्या नावावर आहे?

गाडी बहुतेक इथेच अडते. आमचं बिल सासऱ्यांच्या नावावर होतं आणि त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. बिल वेळेवर भरतोय, मग नावाला काय धरून बसायचं, असं म्हणत राहिलो. अर्ज करायला बसलो तेव्हा कळलं की ग्राहक क्रमांक, अर्जदाराचं नाव आणि बँक खातं जुळलं पाहिजे. मग मृत्यूचा दाखला, घराचा उतारा, दिरांची संमती... दोन महिने त्यातच गेले. मंगळवार पेठेतल्या आणि शिवाजी पेठेतल्या जुन्या वाड्यांत तर आजोबांच्या नावाची मीटरं आहेत. सोलरचा विचार नंतर करा, नाव बदलायचा अर्ज आजच टाका.

किती किलोवॉट घ्यायचे?

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. पहिल्या 2 किलोवॉटला प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000. पाच किलोवॉट बसवले तरी सबसिडी तेवढीच. 1 किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि महिन्याला सरासरी शंभरेक युनिट मिळतात. गिझर, फ्रिज आणि उन्हाळ्यात रात्रीपुरता एसी असलेल्या घराला 2 ते 3 किलोवॉट पुरतात. राजारामपुरीत किंवा ताराबाई पार्कात फ्लॅट असेल तर सोसायटीला लिफ्ट, पंप अशा सामाईक वापरासाठी किलोवॉटला 18,000 मिळतात. हा विषय सभेत काढायला मात्र धीर लागतो.

पावसाचं काय, हा प्रश्न इथे प्रत्येक जण विचारतो. जून ते सप्टेंबर उत्पादन पडतंच. पण नेट मीटर, म्हणजे महावितरणला दिलेली आणि त्यांच्याकडून घेतलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर, त्याचा हिशेब 31 मार्चला संपतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये जास्तीचे जमा झालेले युनिट पावसाळ्यात गिझरला कामी येतात. आपल्या हवामानाला हा हिशेब चांगला बसतो.

अर्ज आणि काम

पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर राज्य, महावितरण आणि ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करा. 10 किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला वेगळी तांत्रिक मंजुरी लागत नाही. विक्रेता पोर्टलवर नोंदलेलाच हवा. कोटेशन तिघांकडून घ्या आणि त्यावर ‘डीसीआर’ पॅनेल असं लिहून मागा. डीसीआर म्हणजे सेलसकट भारतात बनलेलं पॅनेल. दुसरं स्वस्त मिळेल, पण त्यावर सबसिडी नाही.

पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर कुठे लावायचा हे विक्रेत्यावर सोडू नका. 2019 चा पूर पाहिलेल्यांना सांगायला नकोच. कुंभार गल्ली, दुधाळीकडचं घर असेल तर तो पुराच्या खुणेच्या वर, शक्यतो जिन्याच्या माथ्यावर लावा.

काम झालं की नेट मीटर बसतो, तपासणी होते, मग पोर्टलवर बँक तपशील आणि रद्द केलेला चेक चढवायचा. सबसिडी थेट तुमच्या खात्यात येते, तीही सगळं झाल्यावर. म्हणजे आधी पूर्ण रक्कम तुम्हालाच उभी करावी लागते. 3 किलोवॉटपर्यंत सरकारी बँका तारण न घेता कर्ज देतात.

सोलर पॅनेल बसवायचे नसतील तर

22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के आणि सोलर वॉटर हीटरवरचा 12 वरून 5 टक्के झाला. बिलावर तो तपासा. एसी, गिझर, पंखा, तिन्हींवर बीईईचं, म्हणजे वीजबचतीचं काम बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेचं, स्टार लेबल असतं. तारे मोजण्याआधी लेबलवरचं वर्ष वाचा, कारण निकष कडक होत जातात आणि जुने पाच तारे नव्या मोजणीत कमी भरतात. वर्षातून अडीच महिने चालणाऱ्या एसीसाठी फाइव्ह स्टारचे जादा पैसे मी तरी देणार नाही; थ्री स्टार घेऊन 26 वर ठेवीन आणि वर पंखा लावीन.