डीसीएम सोडताना या चुका टाळा

प्रयोगशाळेतून डायक्लोरोमीथेन हे द्रावक, म्हणजे आपलं डीसीएम, कमी करायचं ठरलं की त्याच्या जागी बहुधा इथाइल अ‍ॅसिटेट येतं. निवड चांगलीच आहे. पण कृती जुनीच ठेवून नुसती बाटली बदलली की प्रयोग फसतो, आणि खापर नव्या द्रावकावर फुटतं.

पहिली चूक सेपरेटिंग फनेलपाशी, म्हणजे न मिसळणारे दोन थर वेगळे करायच्या तोटीच्या नरसाळ्यापाशी होते. डीसीएमची घनता १.३३, ते पाण्याखाली बसतं. इथाइल अ‍ॅसिटेटची ०.९०, ते वर तरंगतं. आमच्या एका विद्यार्थिनीने हाताच्या सवयीने खालचा थर जपला आणि वरचा वेस्टच्या कॅनमध्ये ओतला. दोन दिवसांची मेहनत गेली, मलाही फार वाईट वाटलं. उत्पादनाचं वजन होईपर्यंत एकही थर टाकू नका. शंका आली तर फनेलमध्ये पाण्याचे चार थेंब सोडा. ते ज्या थरात विरून जातील तो पाण्याचा.

मधे फेसाळ थर धरला तर फनेल हलवत बसू नका, मिठाचं संपृक्त पाणी (ब्राइन) घालून थांबा. इथाइल अ‍ॅसिटेट सुमारे ३ टक्के पाणी स्वतःत धरून ठेवतं. ब्राइनने न धुता पाणी शोषायला सोडियम सल्फेट टाकलं की त्याचे गोळे होतात आणि चमच्यामागून चमचे घालावे लागतात.

इथाइल अ‍ॅसिटेट हे एस्टर आहे, हेही विसरलं जातं. लिथियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राइड किंवा तीव्र अल्कली असेल तिथे ते स्वतःच अभिक्रियेत भाग घेतं, म्हणून चालणारच नाही.

कॉलमसाठी, म्हणजे मिश्रणातले घटक नळीतून वेगळे करताना, हेक्झेनऐवजी हेप्टेन घ्या. एन-हेक्झेनपासून शरीरात बनणारं संयुग नसांना इजा करतं. मात्र हेप्टेन ९८ अंशांना उकळतं, हेक्झेन ६९ला; तेव्हा रोटाव्हॅपवर (द्रावक उडवायच्या फिरत्या यंत्रावर) निर्वात वाढवा. डीसीएम-मिथेनॉलच्या जागी इथाइल अ‍ॅसिटेट आणि इथेनॉलचं ३:१ मिश्रण हेप्टेनमध्ये वापरून बघा, पण टीएलसी (पातळ थरावरची चाचणी) नव्याने करा. जुने आरएफ, म्हणजे ठिपका किती वर सरकला त्याचे आकडे, इथे कामाचे नाहीत.

सर्वांत धोक्याचा गैरसमज म्हणजे वनस्पतीपासून बनलं ते निर्धोक. २-मिथाइल टीएचएफ (मिथाइल टेट्राहायड्रोफ्युरान) हे द्रावक मक्याची बुरकुंडं, उसाची चिपाडं यांच्यापासून मिळणाऱ्या फरफ्युरालपासून बनवतात. पाण्यात ते फारसं मिसळत नाही, म्हणून अभिक्रिया आणि निष्कर्षण एकाच द्रावकात उरकतं. मला ते फार आवडतं. पण हवेत राहिलं की त्यातही स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात. ऊर्ध्वपातनाआधी पेरॉक्साइड पट्टीने तपासा, तळ कोरडा होईपर्यंत कधीच आटवू नका, आणि बाटली उघडली त्याच दिवशी तिच्यावर तारीख लिहा.