जुनं ग्राफिक्स कार्ड आणि नवीन, तुलना करायची कशी

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, नंबर मोठा म्हणजे कार्ड फास्ट असं काही नसतं. २०१७ चं जीटीएक्स १०८० टीआय घ्या, ११ जीबी मेमरी, ३५२ बिट बस (मेमरीकडे जाणारा रस्ता, जितके बिट तितका रुंद), आणि २०२३ चं आरटीएक्स ४०६० बघा, ८ जीबी, १२८ बिट, कोअरही (हिशोब करणारे छोटे भाग) कमी, तरी साध्या गेमिंगमध्ये दोघं जवळपास बरोबरीत, कारण नव्याचा क्लॉक, म्हणजे कोअरचा वेग, जास्त आणि कॅशे, म्हणजे चिपमधलीच जलद मेमरी, खूप मोठी. म्हणून कोअर मोजत बसू नका, वेगवेगळ्या पिढ्यांचे कोअर सारखे नसतातच.

बेंचमार्क, म्हणजे वेगाच्या चाचण्या, बघताना तुम्ही खेळता तेच गेम, तुमचंच रिझोल्यूशन, आणि डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणं), फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डाने स्वतःच बनवून घालणं) बंद असलेले आकडे बघा, कंपन्यांचे ग्राफ इथेच गंडवतात राव! नुसता ॲव्हरेज एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) नको, १ टक्का लो (सगळ्यात हळू १ टक्का फ्रेमचा वेग) पण बघा, गेम अडकतो की नाही ते त्यातूनच कळतं.

मग वीज. १०८० टीआय २५० वॉट खातं, ४०६० फक्त ११५. आणि रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढण्याचं) हार्डवेअर जुन्यात नाहीच, काही नवे गेम त्याशिवाय सुरूच होत नाहीत.

मदरबोर्ड जुना, पीसीआयई ३.० (कार्ड बसतं त्या स्लॉटची जुनी पिढी) वाला असेल तर ४०६० थोडं मागे पडू शकतं, ते ८ लेनचं आहे, म्हणजे डेटाच्या वाटा ८च, आणि ३.० वर त्या हळू.