ठाण्याच्या दमट हवेत जुना सिगार चाखताना

वीस-पंचवीस वर्षे जपलेला क्युबाचा हवाना सिगार हाती आला, की बहुतेक जण तो त्याच संध्याकाळी पेटवतात आणि एवढे कौतुक कशाचे होते, असे म्हणून हिरमुसतात. दोष बहुधा सिगारचा नसतो. ताज्या सिगारमधला अमोनियाचा झणका आणि कोवळ्या तंबाखूचा तुरटपणा काळाबरोबर उतरलेला असतो, जोर ओसरलेला असतो, आणि जे उरते ते इतके मंद असते की जिभेवर लसणाची चटणी आणि खोलीत उदबत्ती असेल तर ते कळतच नाही. म्हणून खरी तयारी पेटवण्याच्या कित्येक आठवडे आधी सुरू होते. खाडीकाठच्या ठाण्यात तर निम्मे काम या तयारीतच असते. ज्याला कडक धूर हवा आहे त्याने जुन्या सिगारवर पैसे घालू नयेत, आणि जो आज तंबाखू ओढत नाही त्याने केवळ कुतूहलापोटी सुरुवात करू नये, कारण धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही.

प्रथम वय तपासावे. क्युबातील खोक्यांच्या तळावर 1985 पासून कारखान्याचा संकेत आणि खोके भरल्याचा काळ उमटवलेला असतो. आधी तो सांकेतिक अक्षरांत असे. 2000 पासून महिन्याच्या स्पॅनिश नावाची तीन अक्षरे आणि वर्षाचे दोन आकडे असा तो सरळ वाचता येतो. ‘पूर्णपणे हाताने’ या अर्थाचे ‘तोतालमेंते आ मानो’ हे शब्द 1989 पासून तळावर येऊ लागले, तेव्हा 1975 चे म्हणून दाखवलेल्या खोक्यावर ते दिसले तर खोके परत करावे. काचेच्या झाकणाच्या खोक्यातले ‘कोहिबा’ छापाचे सिगार तर नकलीच समजावेत. शिवाय तळावरचा काळ हा खोके भरल्याचा असतो, पान शेतातून आल्याचा नव्हे; सुटा सिगार कोणी तीस वर्षांचा म्हणून दिला, तर त्याला दुसरा पुरावा बहुधा नसतो आणि देणाऱ्याच्या शब्दावरच विसंबावे लागते.

आता साठवण. सर्वसाधारण सिगार 65 ते 70 टक्के आर्द्रतेत ठेवतात. जुन्यासाठी मी 62 ते 65 टक्के पसंत करतो, कारण ओलसर पान नीट जळत नाही आणि वाफाळलेला धूर उरलीसुरली चव झाकून टाकतो. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यातल्या घरातली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर सहज जाते. अशा वेळी देखणी लाकडी पेटी फारशी उपयोगी पडत नाही, कारण झाकणाच्या फटीतून बाहेरची ओल आत येतच राहते. स्वयंपाकघरातल्यासारखा रबरी कडेचा हवाबंद डबा, आत ओलावा देणारी आणि शोषणारी 62 किंवा 65 टक्क्यांची पुडी, आणि जुन्या खोक्यातली सीडारची एखादी पातळ फळी, एवढे पुरते. या लाकडाला स्पॅनिश सीडार म्हणतात, पण त्याचा आपल्या देवदाराशी संबंध नाही. ते तुणीच्याच कुळातले झाड आहे.

डब्यातल्या आर्द्रतामापकावर मात्र तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नये. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन त्यात पाण्याचे थोडेच थेंब टाकावेत, इतकेच की मीठ विरघळून न जाता ओल्या वाळूसारखे राहील. ते झाकण आणि मापक एका घट्ट बंद पिशवीत चोवीस तास ठेवले, की आतली आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिर होते. मापक 71 दाखवत असेल, तर त्याच्या प्रत्येक आकड्यात चार मिळवून वाचावे. मी ही चाचणी न करता एक पावसाळा काढला आणि डबा उघडला तेव्हा तीन सिगारांवर हिरवट लव चढली होती. दुसरी चूक याहून लाजिरवाणी होती: सागवानी कपाटात, साड्यांच्या वरच्या कप्प्यात, मी दोन सिगार नुसते कागदात गुंडाळून ठेवले होते. पहिल्या झुरक्यात डांबरगोळीची जी चव आली ती शेवटपर्यंत गेली नाही. तंबाखू शेजारचा वास ओढून घेतो. कापूर, धूप, मसाल्याचे डबे यांपासून तो लांबच असावा.

उष्णतेचेही पथ्य आहे. सुमारे 24 अंशांच्या वर तापमान राहिले, की पानातली भुंगेऱ्याची अंडी फुटू शकतात, आणि आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस त्याहून गरम असतात. वरच्या पानावर टाचणीच्या टोकाएवढे गोल छिद्र दिसले तर तो सिगार लगेच बाजूला काढावा. उरलेले घट्ट पिशवीत घालून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून बाहेर काढावेत; घाई केली तर जुने पान तडकते.

चाखण्यासाठी डिसेंबर ते फेब्रुवारीतला दिवस निवडावा. दोन तास आधी साधा वरण-भात खाऊन घ्यावा, कारण रिकाम्या पोटी निकोटीन चढते आणि चक्कर येते. मामलेदारची मिसळ दुसऱ्या दिवसावर ढकलावी. त्या तर्रीनंतर जिभेला तासन्‌तास दुसरे काही ऐकू येत नाही. बडीशेप, पान, मसाल्याचा चहाही नको. सोबत साधे पाणी किंवा बिनसाखरेचा कोरा चहा ठेवावा. जागेबाबत म्हणावे तर उपवन तलावाकाठी संध्याकाळ सुंदर असते, पण वारा सिगारला एका बाजूने जाळतो, शिवाय सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे. येऊर हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि हिवाळ्यानंतर तिथले गवत वाळलेले असते. तिथे काडी पेटवण्याचा विचारही करू नये. सोसायटीचा जिना आणि गच्ची सर्वांची असते. तेव्हा उरते ती घरची खोली, लहान मुले आणि दमेकरी घरात नसताना, खिडकी उघडी आणि पंखा बंद ठेवून.

कापण्याआधी टोपीवर, म्हणजे तोंडात धरायच्या बंद टोकावरच्या पानावर, ओलसर बोट फिरवावे, कारण म्हातारे पान कागदासारखे ठिसूळ झालेले असते. धारदार कातरीने टोपीचे दीड-दोन मिलिमीटरच कापावेत. टोपीची रेषा ओलांडली तर वरचे पान उलगडत जाते. मग न पेटवता एक-दोनदा हवा ओढून पाहावी. या कोऱ्या झुरक्यात सुके गवत, लाकूड, कधी खारकेचा गोडवा येतो, आणि अनेकदा सर्वांत स्वच्छ चव हीच असते. पेट्रोलचा लायटर वर्ज्य आहे. काडी वापरायची तर तिच्या टोकावरचा मसाला पूर्ण जळून जाऊ द्यावा, मग ज्योत सिगारला न टेकवता खाली धरून कड सगळीकडून सारखी तांबूस होईपर्यंत सिगार हळूहळू फिरवावा.

यानंतर मिनिटाला एकच झुरका घ्यावा. भराभर ओढले की सिगार तापतो आणि तापलेला जुना सिगार फक्त कडू लागतो. धूर तोंडात फिरवून सोडावा. तीन-चार झुरक्यांमागे एकदा त्यातला थोडासाच नाकावाटे बाहेर काढावा, कारण वासाचे बारकावे जिभेला नव्हे, नाकाला कळतात.

चवीला नावे देताना परदेशी पुस्तकातले शब्द उसने घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याने ओकचे पिंप कधी हुंगलेले नाही त्याने वहीत ‘ओक’ लिहून स्वतःला फसवू नये. आपल्या नाकाला भाजलेला चिंचोका, तुपात परतलेला रवा, जायफळ, सुंठ, काळा गूळ, कोल्हापुरी चपलेचे नवे कातडे, पहिल्या पावसातली माती आणि आजोबांच्या ट्रंकेतली कागदपत्रे चांगली ओळखता येतात. पहिल्या तृतीयांशात साधारणपणे लाकूड आणि सुके गवत पुढे असते. मधल्या भागात गोडवा येतो, आणि जुना सिगार पारखायचा तो इथेच, कारण हा गोडवा झुरका संपल्यावरही रेंगाळतो की लगेच विरतो, यावरून तो पिकला आहे की नुसताच वाळला आहे हे कळते. शेवटच्या भागात सुंठ-मिऱ्याचा तिखटपणा वाढतो. प्रत्येक भागासाठी वहीत दोन-तीनच शब्द लिहावेत, आणि ते त्याच क्षणी लिहावेत.

मध्येच सिगार विझला तर राख हळूच पाडावी, त्यातून एकदा बाहेर फुंकून आतला शिळा धूर काढावा आणि पुन्हा पेटवावा. दुसऱ्या दिवशीसाठी अर्धा ठेवू नये. बोटांना ऊब लागू लागली किंवा तोंड कडू झाले, की किती उरला आहे हे न पाहता थांबावे. चुरगाळून विझवल्याने खोलीत आंबट वास राहतो, म्हणून तो राखदाणीत आडवा ठेवावा, आपोआप विझू द्यावा, आणि पूर्ण गार झाल्याची खात्री करून मगच सुक्या कचऱ्यात टाकावा.