देरिदा–सर्ल वाद कसा वाचावा

विरचनेबद्दलची (डिकन्स्ट्रक्शन, म्हणजे मजकुराने गृहीत धरलेल्या गोष्टी त्याच मजकुरातून तपासणारी देरिदाची वाचनपद्धत) मतं गोळा करत बसलात तर हाती शेरेच लागतात. कुणी तिला मुक्ती म्हणतं, कुणी भोंदूगिरी. त्यापेक्षा एकच वाद मुळापासून वाचा. फ्रेंच तत्त्वज्ञ झाक देरिदा आणि अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांच्यातला १९७७चा वाद त्यासाठी सगळ्यांत सोयीचा, कारण मजकूर मोजका आहे आणि दोघंही त्याच ओळींवर बोट ठेवून भांडतात.

बहुतेक जण थेट देरिदा उघडतात आणि दुसऱ्या पानावर अडकतात. सुरुवात ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिनपासून करा. ‘हाऊ टू डू थिंग्ज विथ वर्ड्‌स’ (१९६२) या पुस्तकातलं दुसरं व्याख्यान घ्या. ‘मी वचन देतो’ असं म्हणताना आपण माहिती देत नसतो, काहीतरी करत असतो, हा ऑस्टिनचा मुद्दा. व्याख्यानाच्या शेवटाकडे तो नटाने रंगमंचावर उच्चारलेलं आणि कवितेत आलेलं बोलणं बाजूला ठेवतो. असं बोलणं नेहमीच्या भाषेवर बांडगुळासारखं जगतं, असं त्याचं म्हणणं. या परिच्छेदाला पेन्सिलीने खूण करा. पुढचं भांडण बरंचसं इथूनच निघतं.

मग देरिदाचा ‘सिग्नेचर इव्हेंट कॉन्टेक्स्ट’ हा लेख वाचा. मूळ भाषण १९७१चं, मॉन्ट्रियलमधलं. वादाला तोंड फुटलं ते १९७७ साली ‘ग्लिफ’ या नियतकालिकाच्या पहिल्या अंकात इंग्रजी भाषांतर आल्यावर. वाचताना चेकवरची सही डोळ्यांपुढे ठेवा. ती त्या माणसाने त्या क्षणी केलेली असते, पण बँक ती मानते ती नमुना सहीशी जुळते म्हणून. पुन्हा करता येत नाही ती सहीच नव्हे. आणि जी पुन्हा करता येते ती दुसऱ्यालाही गिरवता येते. खोट्या सहीची वाट खऱ्या सहीतूनच जाते. नाटकातल्या लग्नाचंही तेच. मंगलाष्टकं म्हटली म्हणून नटनटीचं लग्न लागत नाही, पण ती तिथे म्हणता येतात, कारण खऱ्या मांडवातही ती आधी हजारदा म्हटलेलीच असतात.

त्याच अंकातलं सर्लचं उत्तर ११ पानांचं आहे. त्यातले दोन मुद्दे वेगवेगळे लिहून काढा, एकत्र केलेत की घोळ होतो. पहिला असा की ऑस्टिनने नाटक बाजूला ठेवलं ते तात्पुरतं, अभ्यासाच्या सोयीसाठी. वचन म्हणजे काय हे कळल्याशिवाय वचनाचं सोंग कळणार नाही. दुसरा असा की मजकूर कागदावर टिकणं आणि शब्द पुन्हा वापरता येणं या दोन गोष्टी देरिदा एक करतो, आणि लेखक हयात नसला तरी हेतूचं काम संपत नाही.

सगळ्यांत मोठी गफलत इथे होते. देरिदा हेतू मोडीत काढतो, असं धरून सर्लला निकाल दिला जातो. पुन्हा देरिदाच्या लेखाकडे जा. हेतू नाहीसा होणार नाही, त्याची जागा राहील, फक्त त्या जागेवरून त्याला सगळा कारभार हाकता येणार नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. त्यामुळे हेतूवरचा सर्लचा वार बराचसा हुकतो. अभ्यासाच्या सोयीचा मुद्दा मात्र भक्कम आहे. त्यावर देरिदाचं उत्तर असं की जे केव्हाही घडू शकतं ते व्याख्येबाहेर ठेवलं की व्याख्याच चुकते. आम्हाला हे उत्तर पटतं. तुम्ही आपला निकाल याच जागी लावा.

हे उत्तर सविस्तर येतं ‘लिमिटेड इन्क’मध्ये, ‘ग्लिफ’च्या दुसऱ्या अंकात, नव्वदहून जास्त पानं. देरिदा सर्लला ‘सार्ल’ करून टाकतो. फ्रेंचमध्ये ते मर्यादित जबाबदारीच्या कंपनीचं लघुरूप. पहिल्या वाचनात कोट्यांच्या मागे लागू नका, बांडगुळाचा मुद्दा धरून पुढे सरका. याच नावाच्या १९८८च्या पुस्तकावर भागवू नका. सर्लने परवानगी नाकारल्याने त्याच्या उत्तराचा त्यात फक्त सारांश आहे. ग्रंथालयातून ‘ग्लिफ’चा पहिला अंकच मागवा. पुस्तकाचा उपसंहार मात्र सोडू नका. आपल्या ‘संहितेबाहेर काही नाही’ या बदनाम वाक्याचा अर्थ ‘संदर्भाबाहेर काही नाही’ असा आहे, हे देरिदा तिथे सांगतो.

विरचनेच्या प्रभावावरचं भांडण वेगळ्या वहीत ठेवा. १९९२ साली केंब्रिजने देरिदाला मानद पदवी देऊ नये म्हणून तत्त्वज्ञांनी ‘द टाइम्स’ला पत्र लिहिलं, मतदान होऊन पदवी ३३६ विरुद्ध २०४ मतांनी मंजूर झाली. त्या पत्रात देरिदाच्या नावावर घातलेली एक शाब्दिक कोटी आपण कधी लिहिलीच नाही, असं त्याने नंतर सांगितलं. कुठलाही आरोप वाचलात की आधी मूळ ओळ शोधा.